आता यांनी चालून दाखवावं

मुलगी बघायला जाताना मुलाने काय काय न्यावं, याचे सल्ले आमच्याकडे फुकट मिळत. इस्त्रीचा शर्ट न्यावा, खिशात स्वच्छ रुमाल न्यावा, सोबत एक बोलका मामा न्यावा. दुखरी टाच नेऊ नये, एवढं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नेली.

नव्वदच्या दशकातला मधला काळ. मी लाल गाडीवर कंडक्टर होतो, सांगली-सातारा फेरीला. दिवसभर उभं राहून तिकिटं फाडायची. गाडी एकीकडे झुकली की आपण दुसरीकडे झुकायचं, ड्रायव्हरने ब्रेक मारला की टाचा रोवायच्या. काही वर्षं हा खेळ सहन करून माझ्या उजव्या टाचेने बंड पुकारलं. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं, की खिळ्यावर पाय पडावा तशी कळ थेट टाळूत जाई. दहा-बारा पावलं नाचत गेलो की ती ओसरे, मग कामाच्या गडबडीत विसरूनही जाई. पण कुठं अर्धा तास बसून उठलो की खिळा हजर. आई वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायची आणि माझी टाच शेकायची. फार बरं वाटे. वीट गार झाली की बरं वाटणंही गार होई.

अशा टाचेसह आम्ही साताऱ्याजवळच्या एका गावी मुलगी बघायला गेलो. मी, आई आणि मामा. मामा जत तालुक्यातले, मेंढरांचे मालक. समोरच्याचं कौतुक ते मराठीत करत आणि शिव्या कन्नडमध्ये देत, त्यामुळे पाहुण्यांच्या घरात त्यांच्याबद्दल नेहमी चांगलंच मत होई. मुलीचे वडील लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. खुर्चीवर बसले तरी सावधान उभे असल्यासारखे दिसत. आम्हाला त्यांनी सोप्यात सतरंजीवर बसवलं. मी मांडी घातली. तीच चूक झाली.

मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन आली. गावच्या शाळेत शिकवत होती. मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भरतकाम विचारलं, भाकरी गोल होते का तेही विचारलं. तिने सगळ्याची उत्तरं दिली. मग मामा मागे रेलून म्हणाले, "बरं बाई, आता जरा चालून दाखव."

मी बशीतल्या शेंगदाण्यांकडे बघत राहिलो. मला लाज वाटली, पण त्या काळी हे सगळीकडेच चालायचं. मुलगी लंगडत तर नाही ना, हे बघायची ती रीत. ती उठली. परीक्षेच्या वर्गात दोन रांगांमधून पर्यवेक्षक फिरतात तशी शांतपणे दारापासून खांबापर्यंत गेली आणि परत आली. बसली मात्र नाही. उभ्या उभ्याच म्हणाली,

"आता यांनी चालून दाखवावं."

मामांचा घास घशाखाली उतरेना.

"आं? म्हंजे?"

"मी चालले की. आता यांचं बघू."

सुभेदारांच्या मिशा हलल्या. हसू आलं की राग, काही समजेना. मग ते म्हणाले, "बोलती ते खरं हाय. उठा पाहुणं."

रंगमंचावर प्रवेश कसा करावा, याबद्दल माझ्या फार उच्च कल्पना होत्या. सांगलीच्या हौशी नाटकांत मी दोनदा शिपाई आणि एकदा प्रेत झालो होतो. ऐटीत उठलो, छाती काढली आणि पहिलं पाऊल टाकलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. माझ्याच तोंडातून निघालेली एक किंकाळी. आधारासाठी धरलेला मामांचा फेटा, जो आधार न देता नुसताच हातात आला. उपडी झालेली बशी. आणि शेवटी मी एका पायावर उड्या मारत खांबापर्यंत पोचलो आणि त्याला कडकडून मिठी मारली.

"मुंग्या!" मामा ओरडले. "मुंग्या आल्यात पायाला! सांगलीच्या पोरास्नी मांडी घालायची सवय न्हाई, सुभेदारसाहेब. सगळी टेबल-खुर्चीवाली!"

"कळवतो," सुभेदार म्हणाले.

आमच्या भागात 'कळवतो' म्हणजे काय ते लहान लेकरालाही कळतं. आम्ही निघालो. मी दारात चपला घालत होतो, मामा फेटा बांधत होते, तेवढ्यात ती तांब्या घ्यायला बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "मुंग्या नव्हत्या त्या. आमच्या शाळेतल्या मोठ्या बाईंचं असंच होतं. टाच दाखवून घ्या कुणाला तरी."

"आणि दाखवली की मग?"

"मग काय? आधी दाखवून तर घ्या."

लग्न करीन तर हिच्याशीच, हे माझं त्या तांब्याशेजारी ठरलं. अडचण एवढीच होती, की तिच्या बापाचं काय ठरलं असेल ते मला दिसत होतं.

मिरजेत डॉक्टरांची वाण नाही. एका हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या टाचेवर नेमका नको तिथंच अंगठा दाबला. मी टेबलावरून वीतभर वर उडालो. त्यांना फार समाधान वाटलेलं दिसलं.

"झोपेत तुमची पावलं कशी असतात?" त्यांनी विचारलं.

"झोपेत मी बघत नाही."

"खाली झुकलेली असतात. बोटं पुढं ताणलेली, चवड्यावर नाचणाऱ्यासारखी. तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, टाचेपासून बोटांपर्यंत. तुमचा तो सुजलाय. रात्रभर आखडून पडतो, आणि सकाळी तुम्ही एकदम सगळं वजन त्याच्यावर टाकता. तो ओरडणार नाही तर काय करील?"

उपाय त्यांनी असा सांगितला, की त्याला रात्री आखडूच द्यायचं नाही. पाऊल रात्रभर काटकोनात ठेवायचं. त्यासाठी त्यांनी एक वस्तू दिली, तिला ते स्प्लिंट म्हणत. अंगाच्या रंगाचं कडक प्लॅस्टिक, गुडघ्याच्या खालपासून बोटांपर्यंत, आतून स्पंज, वर एकमेकांना चिकटणारे तीन पट्टे. हे पट्टे सोडताना चर्रर्र असा आवाज होई, पत्र्यावरून कुणी फरपटत गेल्यासारखा. भिंतीला हात लावून पोटरी ताणायचा व्यायाम सांगितला, बुटात मऊ तळ घालायला सांगितला आणि स्प्लिंट पायात असताना चालायचं नाही अशी ताकीद दिली.

"किती दिवसांत बरं वाटेल?"

"दिवस नाही, महिने म्हणा. पण वाटेल. कंटाळू नका म्हणजे झालं."

घरी आल्यावर आईने ती वस्तू उलटीसुलटी करून बघितली. "येवढे पैसे घेतलं आणि एकाच पायातलं दिलं व्हय रं?"

सुरुवातीच्या रात्री कठीण गेल्या. उताणं झोपावं तर चादरीचा तंबू होई आणि माझा अंगठा त्याचा खांब. कुशीवर वळावं तर पाय मागे राही आणि मी पुढे जाई. पालथं झोपणं तर विसराच. पण आठवडे गेले, तशी सवय झाली. आणि एका सकाळी मी नेहमीसारखं दातओठ खाऊन पाऊल टाकलं, तर खिळ्याच्या जागी नुसता काटा! अंथरुणावर परत बसलो आणि पुन्हा उठून बघितलं. काटाच. मी 'आई!' म्हणून असा ओरडलो, की ती बिचारी लाटणं घेऊन धावत आली.

टाच सुधारत होती. साताऱ्याहून मात्र काही कळत नव्हतं.

कळत नव्हतं, कारण तिकडे आमची चौकशी चालू होती. हे मला नंतर समजलं, पण तुम्हाला ताटकळत ठेवण्याइतका मी दुष्ट नाही, आत्ताच सांगून टाकतो. लग्न जमवताना परस्पर माणूस पाठवून चौकशी करणं ही आमच्याकडची जुनी पद्धत. मुलगा पितो का, घरात भांडणं आहेत का, शेजारी काय म्हणतात. सुभेदारांनी या कामावर आपल्या धाकट्या भावाला पाठवलं. तो गृहस्थ सांगलीला, विश्रामबागेत, आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "खोली मिळंल का भाड्यानं?"

मी कामावर होतो. आईने त्याला बसवलं, चहा दिला, आणि त्याने विचारलं ते सगळं सांगितलं. त्याने सगळं विचारलं, फक्त पायाचं सोडून. कारण पायाचं विचारावं तर आपण कोण ते उघड होईल. अशा वेळी हेराने डोळे वापरायचे असतात. त्याने वापरले. नेमका तो धुण्याचा दिवस. आईने स्प्लिंट साबणाने घासून अंगणातल्या तारेवर उलटं टांगलं होतं, आणि त्याच्या आत घालायचा लांब मोजा वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून त्याच्यावरच चढवून ठेवला होता.

हेराने चहा अर्धा टाकला आणि मिळेल त्या गाडीने सातारा गाठलं.

"दादा, पोराला उजवा पाय न्हाई," त्याने भर सोप्यात जाहीर केलं. "मिरजंत बसवून घेतलाय. धुऊन वाळत घातलेला ह्या डोळ्यांनी बघितला. मोजा सुदिक घातलेला!"

आता त्या बाजूने विचार करा. मुलगा उठला तेव्हा कोसळला होता. मिरज दवाखान्यांचं गाव, तिथं काय मिळत नाही? सगळं जुळत होतं. तरी सुभेदार पक्के सैनिक. दुसऱ्याच्या बातमीवर हल्ला करायचा नाही, आधी स्वतः जाऊन बघायचं.

ते साताऱ्याला माझ्या गाडीत चढले.

मी ओळखलं. वाटलं, नकार द्यायला आले. "नमस्कार, साहेब," म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कराडचं तिकीट घेतलं. पुढचा सगळा वेळ ते माझ्या उजव्या पायाकडे टक लावून बघत होते. मी पुढे गेलो की नजर पुढे, मागे आलो की मागे. कराड आलं, ते उतरले नाहीत. इस्लामपूरचं तिकीट घेतलं. इस्लामपूर आलं, तरी बसलेलेच.

"साहेब, नक्की जायचंय कुठं?"

"बगतो," ते म्हणाले. "सांगलीचं द्या."

गाडीने गाव सोडलं. मी त्यांच्या बाकाशेजारी उभा राहून तिकिटांचा हिशेब जुळवत होतो. सुभेदार उठले. मला वाटलं पाय मोकळे करताहेत. त्यांनी गुडघा पोटापर्यंत वर घेतला आणि कवायतीत 'थम' म्हटल्यावर आपटतात तसा आपला लष्करी बूट माझ्या उजव्या पावलावर आपटला.

"आई गं!"

गाडीतली सगळी डोकी वळली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले, आणि त्या काजव्यांच्या मधोमध सुभेदारांचा चेहरा दिसला. तो आनंदाने फुलला होता.

"दुखलं?" त्यांनी उत्सुकतेने विचारलं.

"दुखलं म्हणजे काय? बोटं गेली की माझी!"

"लय दुखलं?"

"लय!"

"शाबास गड्या!" असं म्हणून त्यांनी मला मिठी मारली. मध्ये तिकिटांची पत्र्याची पेटी होती, ती आम्हा दोघांच्या बरगड्यांत रुतली. मग प्रवाशांकडे वळून ते म्हणाले, "पाय खरा हाय ह्याचा!"

"मग काय उसना असतोय व्हय?" मागच्या बाकावरून एक आजीबाई कडाडल्या. "म्हातारा पिऊन चढलाय, उतरवा की त्याला!"

सांगलीपर्यंत सगळा उलगडा झाला. हेर, तार, मोजा, सगळं. मला राग यायला हवा होता, पण मी इतका हसलो की दोन थांब्यांवर घंटी द्यायची विसरलो. सुभेदारांना घरी नेलं. आईने त्यांना जेवू घातलं. त्यांनी स्प्लिंट मागून घेतलं, बंदूक तपासावी तसं सगळीकडून तपासलं, स्वतःच्या पायावर चढवून बघितलं, तिन्ही पट्टे चर्रर्र करून सोडले.

"चूक माझीच झाली," ते गंभीरपणे म्हणाले. "टेहळणीला भावाला धाडाय नको हुतं. त्यानं फौजंतली सगळी नोकरी भांडारात काढली."

"मग आता?" आईने विचारलं.

"माझं झालं समाधान. पण पोरगी ऐकत न्हाई. आमी पाय लाकडाचा म्हणलो, तर म्हणली, लाकडाचा असला तर तसं सांगावं, मुंग्या कशाला सांगायच्या? आणि आता मी निघालो तर म्हणती कशी, सांजचं सगळीच नीट चालत्यात. त्यांना सकाळी उठताना बघायचं."

मी जेवता जेवता थांबलो. तिला दुखण्याची खरी वेळ माहीत होती. संध्याकाळी मला बोलावलं असतं, तर मी अंगणात नाचलो असतो. सकाळचं पहिलं पाऊल मात्र माझ्या हातात नव्हतं.

मामांना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत आश्चर्य व्यक्त केलं. "लगीन ठरल्याबिगर मुक्काम? आमच्या जतात मेंढरू इकत घ्यायच्या आधी एक रात दारात बांधून बघत्यात. पण माणूस?"

"मग झालं तर, मामा. मला मेंढरू समजा."

थंडीचे दिवस होते. आखडलेल्या पायांना थंडी आणखी आखडते, आणि माझा धीर त्याच हिशेबाने आखडत होता. सुभेदारांच्या सोप्यात मी आणि मामा झोपलो. मी स्प्लिंट बांधलं. मामा कानाशी कुजबुजले, "हे बघ गड्या, किती का दुखंना, लंगडायचं न्हाई. नाटकात काम केलंस न्हवं? मग कर की काम."

कल्पना वाईट नव्हती. लंगडणं लपवायला मला आलं असतं. प्रेताचं काम करताना मी नाकावरची माशीही सहन केली होती.

कोंबडं आरवलं आणि मी डोळे उघडले, तर खेळाला गर्दी जमलेली! सुभेदार अंगणात शाल पांघरून उभे. त्यांचे हेर बंधू चुलीशेजारी मान खाली घालून बसलेले. मुलीची आई स्वयंपाकघराच्या दारात, पदर तोंडावर धरून. शेजारच्या दोन बायका गवऱ्या मागायला आल्या होत्या आणि गवऱ्या हातात घेऊनही जात नव्हत्या. आणि ती बंबापाशी, हातात पाण्याची चरवी घेऊन.

मी पडदा वर गेल्यासारखा उठून बसलो. चर्रर्र. पहिला पट्टा. चर्रर्र. दुसरा. तिसऱ्याला अंगणातल्या कोंबड्या पळाल्या आणि एक शेजारीण "अगं बया!" म्हणाली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे टॉवेल तळव्याला लावून बोटं माझ्याकडे ओढली. मग सोप्याच्या कडेला सरकून खालच्या सारवलेल्या गार जमिनीवर उजवा पाय टेकला आणि वजन टाकलं.

दुखलं. किंकाळी फुटावी इतकं नाही. मामांनी सांगितल्याप्रमाणे चेहरा इस्त्री केलेला ठेवून मी बंबापर्यंत गेलो आणि वळलो. लंगडलो नाही. सगळे माझ्या पायांकडे बघत होते. ती एकटी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"दुखलं?"

मामांना जोराचा खोकला आला.

"हो," मी म्हणालो. "पहिल्या दोन पावलांना. पूर्वी खिळा टोचायचा, आता खडा टोचतो. अगदी गेलं नाही अजून."

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. सुभेदारांनी शाल आवळली. मला वाटलं, संपलं. त्या एका क्षणात मी विश्रामबागेपर्यंतचा सगळा परतीचा रस्ता मनात करून आलो.

"अजून किती दिवस बांधायचं ते?" तिने विचारलं.

"उन्हाळ्यापर्यंत, असं डॉक्टर म्हणतात."

तिने चरवी खाली ठेवली. थोडा विचार केला. मग वडिलांकडे वळून, हजेरी घेताना बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आबा, मे महिन्यात शाळेला सुट्टी असती."

"ती दरसालच असती की," सुभेदार म्हणाले.

"तवा आपलं म्हटलं."

"त्यात काय म्हणायचं?"

"आवं, काय म्हणावं तुमाला!" दारातून तिची आई म्हणाली आणि पदरात तोंड लपवून खुदकन हसली. शेजारणी हसल्या. हेर बंधूही मान वर करून हसले. मामांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी अंथरुणातूनच "आबाबाबा!" अशी आरोळी ठोकली. सगळ्यात शेवटी सुभेदारांना समजलं. त्यांनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा माझ्या पायाकडे, आणि ते इतक्या मोठ्याने हसले की पळालेल्या कोंबड्या आणखी लांब पळाल्या.

मला कुणीही सांगितलं नव्हतं, तरी मी अंगणाला आणखी एक फेरी मारली.